परक्या शिवारातील पेरणी

मास्तरांची बदली झाली म्हणजे गावाला एक गोष्ट उमगते, जी ते गावात असेतोवर कधी उमगत नाही. नवे मास्तर येईपर्यंतही मुले वेळेवर जमतात काय, प्रार्थना होते काय, वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्याला पाढे म्हणून दाखवतो काय, हे तेव्हाच दिसते. हे सारे चालू राहिले, तर गावात शाळा होती असे समजावे. ते बंद पडले, तर तिथे शाळा नव्हती, नुसते एक गुणी मास्तर होते. खेळाच्या इतिहासातही असे बदलीचे मास्तर पुष्कळ होऊन गेले. उमेदीत स्वतः मैदान गाजवायचे, अंगातली रग ओसरली की मुलूख सोडायचा आणि परभाषेतल्या पोरांना आपली विद्या द्यायची, असा त्यांचा क्रम. अशाच एका मराठी गुरुजींची हकीकत आज वाचकांपुढे ठेवायची आहे.

पण आधी थोडे सातासमुद्रापार जाऊ. आयर्लंडातल्या डब्लिन शहरी १८८७ साली जन्मलेला पॅट्रिक ओकॉनेल हा फुटबॉलचा नामांकित खेळाडू. १९१४ साली आयर्लंडच्या विजयी संघाचा तो कर्णधार होता, आणि पुढे मँचेस्टर युनायटेडकडूनही खेळला. १९२२ साली घरदार मागे ठेवून तो स्पेनला गेला, आणि १९३५ साली सेव्हिल शहरातल्या बेटिस या संघाला त्याने स्पेनचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्या संघाला ते पद त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि नंतरही आजवर पुन्हा मिळालेले नाही. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा ओकॉनेल बार्सिलोना क्लबाकडे होता. क्लब बुडण्याच्या बेतात आलेला. १९३७ साली त्याने खेळाडूंना मेक्सिको आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले, आणि त्या दौऱ्याच्या पैशांवर क्लब तगला. हाच मनुष्य १९५९ साली लंडनमध्ये दारिद्र्यात मेला, आणि कित्येक वर्षे त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. त्याने हाताळलेल्या दोन संघांकडे पाहा. एकाला त्याने मुकुट दिला. तो एकदाच मिळाला. दुसऱ्याला नुसते जगवले. तो पुढे जगातला बलाढ्य क्लब झाला. मास्तराच्या कर्तबगारीचे माप काढणे वाटते तितके सोपे नाही, एवढेच येथे ध्यानात ठेवू आणि आपल्या मुलखात परत येऊ.

आपले गुरुजी म्हणजे संदीप पाटील. मुंबईत शिवाजी पार्कच्या मातीत वाढलेला हा मुलगा. जन्म १८ ऑगस्ट १९५६ चा. वडील मधुसूदन पाटील स्वतः क्रिकेटमध्ये आणि बॅडमिंटनमध्ये नाव मिळवलेले. मुलाची शाळा बालमोहन विद्यामंदिर, आणि खेळातले गुरू अंकुश ऊर्फ अण्णा वैद्य. अंगाने धिप्पाड, फटका असा की चेंडू सीमेपलीकडे गेल्यावरच प्रेक्षकांना दिसावा. पण नुसती ताकद असती, तर आज आपण त्यांची आठवण काढली नसती.

१९८१ च्या जानेवारीत सिडनीच्या कसोटीत ६५ धावांवर खेळत असताना लेन पॅस्को या वेगवान गोलंदाजाचा चेंडू त्यांच्या कानाजवळ आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ते कोसळले आणि त्यांना मैदानाबाहेर न्यावे लागले. असा मार खाल्लेला फलंदाज पुढे उसळत्या चेंडूला बिचकतो, असाच सर्वांचा अनुभव. पाटील पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, हेल्मेट घालून उतरले आणि त्याच पॅस्कोसमोर, त्याच डेनिस लिलीसमोर १७४ धावा काढल्या. पुढे १९८२ साली मँचेस्टरला नाबाद १२९ धावा करताना त्यांनी इंग्लंडचा कर्णधार बॉब विलिस याच्या एकाच षटकात सहा चौकार मारले. १९८३ च्या विश्वचषकात त्याच मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ते ५१ धावांवर नाबाद राहिले आणि भारत अंतिम फेरीत गेला. त्यानंतर लॉर्ड्सवर काय घडले ते घरोघरच्या आजोबांना ठाऊक आहे.

इतक्या गुणांचा खेळाडू, पण त्याच्या कसोटी सामन्यांची बेरीज २९ वरच थांबली. १९८४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कसोटीत बेजबाबदार फटका मारून बाद झाल्याचा ठपका ठेवून कपिल देव आणि पाटील या दोघांनाही वगळण्यात आले. कपिल परतले. पाटील मात्र पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वय होते २८. कुणब्याचा बैल ऐन पेरणीत बसावा, तशी ही गोष्ट.

दुसरा कोणी असता तर हताश झाला असता. यांनी मात्र नाना उद्योग करून पाहिले. हिंदी चित्रपटात नायकाची भूमिका केली, 'एकच षटकार' या मराठी क्रीडा नियतकालिकाचे संपादन केले. मग मुंबई सोडून मध्य प्रदेशाचे कर्णधारपद पत्करले. आमच्या वऱ्हाडाला लागून सातपुड्यापलीकडे असलेला तो प्रांत त्या वेळी क्रिकेटच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसणारा. तिथल्या पोरांबरोबर ते खेळले आणि खेळता खेळता त्यांना शिकवू लागले. गुरुजीपणाची धुळाक्षरे त्यांनी तिथेच गिरवली, असे मला वाटते. १९९६ साली ते काही महिने भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. इंग्लंडचा दौरा निराशेचा झाला आणि ते पदही गेले. म्हणजे खेळाडू म्हणून अर्ध्यावर मोडलेला डाव, आणि प्रशिक्षक म्हणूनही पहिल्याच परीक्षेत अपयश. अशी शिदोरी घेऊन हा मनुष्य पूर्व आफ्रिकेत, केनियाला गेला.

केनियात क्रिकेट कोठून आले? इंग्रज गोरे मळेवाले तर होतेच, पण त्याहून मोठा वाटा आपल्या देशबांधवांचा. १८९६ साली मोंबासा बंदरापासून आत, व्हिक्टोरिया सरोवराकडे, इंग्रजांनी लोहमार्ग घालायला घेतला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. १९०१ साली मार्ग सरोवरापर्यंत पोचला. कित्येक मजूर मेले, बहुतेक परतले, काही तिथेच राहिले. त्यांच्यामागून गुजराती व्यापारी गेले. त्यांनी दुकाने काढली, देवळे बांधली, जिमखाने उभारले आणि जिमखान्यांत क्रिकेट सुरू केले. मैदानाच्या कुंपणापलीकडे वस्त्यांतली काळी पोरे हा खेळ बघत उभी. हळूहळू तीही आत आली. १९९० च्या सुमारास केनियाच्या संघात मोदी, शाह, करीम ही आडनावे आणि टिकोलो, ओडुंबे, ओडोयो, ओबुया ही आडनावे एकाच फळ्यावर लिहिली जाऊ लागली.

या संघाने जगाला पहिला धक्का दिला तो आपल्या महाराष्ट्रात. २९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचे नेहरू स्टेडियम, विश्वचषकाचा सामना, समोर वेस्ट इंडिज. केनिया १६६ धावांत बाद झाला तेव्हा प्रेक्षकांनी घरी जायची तयारी केली असेल. पण वेस्ट इंडिजचा डाव ९३ धावांत आटोपला! ब्रायन लाराचा झेल चष्मा लावलेल्या यष्टिरक्षकाने धरला, हे चित्र पाहणारे पुणेकर अजून विसरलेले नाहीत. तथापि एका अमावास्येला पणती लागली म्हणून अंधार कायमचा हटत नाही. १९९९ च्या विश्वचषकात केनियाने पाच सामने खेळले आणि पाचही गमावले.

त्यानंतर पाटील या संघाचे प्रशिक्षक झाले. पगारी खेळाडू मोजके, बाकीच्यांना पोटापाण्याचा उद्योग वेगळा. तीन सख्खे भाऊ, केनेडी, डेव्हिड आणि कॉलिन्स ओबुया, याच संघाच्या आसपास वाढत होते. त्यांतल्या कॉलिन्सने बाजारात टोमॅटो विकून दिवस काढलेले. अशा संघाला पहिली गोष्ट शिकवावी लागते ती फटका नव्हे, की चेंडू नव्हे. समोरच्याचे नाव ऐकून गुडघे मोडायचे नाहीत, ही ती गोष्ट. हे शिकवायला कानाजवळ चेंडूचा मार खाऊन पुढच्या सामन्यात १७४ धावा काढलेल्या माणसाहून योग्य गुरू कोण? पुस्तकातला धडा आणि भोगलेला धडा यांत फरक असतो. मुलांना तो बरोबर कळतो.

१७ ऑक्टोबर २००१ ला दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ येथे केनियाने भारताला ७० धावांनी हरवले. गुरुजींच्याच देशाचा पराभव! आणि त्यानंतर आला २००३ चा विश्वचषक. तो दक्षिण आफ्रिकेत भरला होता, काही सामने झिंबाब्वे आणि केनियात होते. पहिल्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेने केनियाचा दहा गडी राखून धुव्वा उडवला. मग कॅनडावर विजय. पुढे न्यूझीलंडची गाठ नैरोबीत होती. पण काही महिन्यांपूर्वी मोंबासात घातपात झाला होता, त्या भयाने न्यूझीलंडचा संघ आलाच नाही आणि केनियाला न खेळता गुण मिळाले. दैवाचा हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाऊस कुणाच्याही शेतावर पडतो. पण ज्याने वखरपाळी वेळेवर केली त्याच्याच शेतात पीक येते.

२४ फेब्रुवारीला नैरोबी जिमखान्यावर श्रीलंका उतरली. सात वर्षांपूर्वीचा जगज्जेता संघ. केनियाने ९ बाद २१० धावा केल्या. जयसूर्या, अरविंद डिसिल्वा, जयवर्धने अशी फलंदाजांची रांग असताना ही धावसंख्या काहीच नव्हती. पण टोमॅटो विकलेल्या कॉलिन्स ओबुयाने आपल्या लेग-स्पिनने दहा षटकांत २४ धावा देऊन पाच गडी टिपले, आणि श्रीलंका १५७ धावांत बाद झाली. खेळाडूंनी मैदानाला फेरी घातली, नैरोबी नाचली. पुढे बांगलादेशावर विजय मिळाला, दुसऱ्या फेरीत झिंबाब्वेवर सात गडी राखून विजय मिळाला आणि केनिया उपांत्य फेरीत पोचला. कसोटी खेळण्याचा मान नसलेला कोणताही संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता.

या प्रवासातला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. असिफ करीम हा केनियाचा जुना कर्णधार १९९९ नंतर निवृत्त झाला होता. क्रिकेटबरोबर टेनिसमध्येही त्याने देशाचे प्रतिनिधित्व केलेले. वयाच्या ३९ व्या वर्षी त्याला पुन्हा संघात बोलावले. १५ मार्चला दरबानला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ८.२ षटके टाकली. त्यांतली सहा निर्धाव, धावा दिल्या सात, गडी बाद केले तीन. सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, पण जगज्जेत्यांना या गृहस्थाने काही काळ खुंटीला बांधून ठेवले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अडगळ समजू नये, हा धडाही त्यात आहेच.

२० मार्च २००३. दरबान. उपांत्य सामना. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला केनिया. आणि गंमत पाहा, भारताचे प्रशिक्षक होते न्यूझीलंडचे जॉन राइट, तर केनियाचे प्रशिक्षक मुंबईचे संदीप पाटील! ज्या देशासाठी त्यांनी वीस वर्षांपूर्वी असाच उपांत्य सामना जिंकून दिला, त्याच देशाच्या वाटेत ते आज उभे. गुरूचे गोत्र कोणते, जन्मभूमीचे की शिष्यांचे? महाभारतात द्रोणाचार्यांना हा प्रश्न पडला होता. इथे सुदैवाने बाणांऐवजी चेंडू होते. सौरव गांगुलीच्या नाबाद १११ आणि सचिन तेंडुलकरच्या ८३ धावांच्या जोरावर भारताने ४ बाद २७० धावा केल्या. कर्णधार स्टीव्ह टिकोलोने ५६ धावांची झुंज दिली, पण केनियाचा डाव १७९ धावांत संपला. भारत ९१ धावांनी जिंकला. आपल्याकडे फटाके वाजले, आणि ते रास्तच होते. पण त्या रात्री एक मराठी मनुष्य हरलेल्यांच्या तंबूत बसला होता, आणि तो हरला होता असे मी म्हणणार नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती परीकथा झाली असती. विश्वचषकानंतर पाटील मायदेशी परतले. मागे काय राहिले? २००४ साली मॉरिस ओडुंबे या केनियाच्या अव्वल खेळाडूवर सट्टेवाल्यांशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. पैशांवरून खेळाडू आणि संघटना यांच्यात तंटे माजले, संप झाले. २००५ साली जुनी संघटना मोडून नवी करावी लागली. टिकोलो, ओडोयो ही पिढी थकत गेली आणि तिची जागा घेणारी पिढी तयार झालेली नव्हती. २०११ च्या विश्वचषकात केनिया सर्व सहा सामने हरला. २०१४ साली त्याचा एकदिवसीय सामन्यांचा दर्जाच गेला. ज्या देशाला २००३ साली लोक पुढचा कसोटी देश म्हणू लागले होते, तो विश्वचषकाच्या पंगतीतून उठला.

मग पाटलांचे शिकवणे वाया गेले काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर शोधायला नैरोबीला जायची गरज नाही. आपल्या वऱ्हाडातच पाहू.

अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी एक आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा या मंडळाची मंडळी तिथे गेली आणि त्यांनी मल्लखांब, कबड्डी हे आपले खेळ जगाला दाखवले. परक्या मुलखात जाऊन विद्या दाखवण्याची हौस वऱ्हाडाला नवी नाही. पण खरी गोष्ट पुढे आहे. वैद्य बंधू गेले, मंडळ राहिले. शंभर वर्षे उलटून गेली तरी तिथे माती उकरली जाते, मल्लखांबाला तेल लागते, नवी पोरे येतात. तिथे गुरूने शिष्य तर घडवलेच, पण शिष्य घडवणारी जागाही घडवली.

दुसरे उदाहरण ताजे आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो. साठ वर्षे त्याने पाहुण्यांना विजय वाढण्याचे काम इमानेइतबारे केले. २०१७-१८ च्या हंगामासाठी मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. कडक शिस्तीचे मास्तर. त्याच हंगामात इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या सामन्यात आमच्या अकोल्याचा आदित्य ठाकरे हा कोवळा वेगवान गोलंदाज रणजीतला आपला पहिला सामना खेळत होता. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा आला. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले, आणि २०२२ साली त्याही संघाला त्यांनी करंडक मिळवून दिला. पाटलांनी जिथे कधीकाळी धुळाक्षरे गिरवली, तोच हा संघ.

पंडित गेल्यावर विदर्भाचे काय झाले? केनियासारखे झाले नाही. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते उस्मान घनी. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा अशी आपल्याकडची पोरे वरच्या स्पर्धांत दिसू लागली. कारण नागपूरच्या संघटनेने मास्तर आणण्याआधीच मुलांच्या शिक्षणाची सोय केली होती, वयोगटांचे संघ बांधले होते, मैदाने राखली होती. पंडितांनी उभे पीक कापले हे खरे. पण शिवार आधीच नांगरलेले होते, आणि ते गेल्यावरही नांगरणी थांबली नाही.

केनियात नेमके हेच नव्हते. क्लब नैरोबीभोवती मूठभर. शाळांतून खेळ पसरलेला नाही. विश्वचषकाचे यश हाती आले, पण ते बियाणे म्हणून जपावे एवढे भान कारभाऱ्यांना राहिले नाही. त्यांनी बियाण्याचे धान्य दळून खाल्ले, आणि पुढच्या मृगाला हात रिकामे. हा दोष पेरणाऱ्याचा म्हणता येत नाही. सालदार घाम गाळतो, पण बांध घालणे हे मालकाचे काम.

संदीप पाटील परतल्यावर बंगळूरच्या राष्ट्रीय अकादमीत अधिकारपदावर राहिले आणि २०१२ ते २०१६ राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. एका फटक्यापायी ज्याला निवड समितीने बाजूला सारले, त्याच्याच हाती पुढे निवडीची लेखणी आली. मात्र त्यांच्या आयुष्यातली मोलाची कमाई कोणती, असे कुणी विचारले, तर मी ना १७४ धावांचे नाव घेईन, ना सहा चौकारांचे. ज्यांना जगाने खिजगणतीत धरले नव्हते, अशा पंधरा माणसांना त्यांनी सहा आठवडे ताठ मानेने उभे केले, हे नाव घेईन. ते यश टिकले नाही म्हणून खोटे ठरत नाही. दहावीला पहिला आलेला मुलगा पुढे शेती करू लागला, तर त्याचा पहिला नंबर खोटा होतो काय?

पण आपण घरात बसून हे वाचणाऱ्यांनी, ज्यांच्या गावात शाळा आहेत, आखाडे आहेत, वाचनालये आहेत, त्यांनी गोष्टीची दुसरी बाजूही मनाशी धरावी. गुणी मास्तर लाभणे हे गावाचे भाग्य असते. ते गेल्यावर शाळा चालू ठेवणे हे भाग्य नव्हे, ते काम आहे. आणि ते काम गावालाच करावे लागते.